आठ महिन्यांची टाचदुखी थांबत नाही. इंजेक्शन घ्यावे का?

मानपाड्याची_शिक्षिका | २२ जून, रात्री ९:४०

नमस्कार. मी ठाण्यात मानपाड्याला राहते आणि नौपाड्यातील एका शाळेत गेली १९ वर्षे मराठी व इतिहास शिकवते. वय ४६. दिवाळीची सुट्टी संपून शाळा सुरू झाली त्या आठवड्यात उजव्या टाचेत कळ येऊ लागली आणि आज आठ महिने झाले तरी ती गेलेली नाही.

सकाळी अंथरुणातून उठून पाय जमिनीला टेकवला की टाचेच्या तळाशी, आतल्या बाजूला, खिळा घुसल्यासारखे वाटते. पलंगाची कड, मग कपाट, मग भिंत असा आधार घेत मी चवड्यावर चालत न्हाणीघरापर्यंत जाते. वीस-पंचवीस पावले झाली की दुखणे सैल पडते आणि मला वाटते, आज बरे आहे. शाळेत सलग तीन तासिका उभ्याने घेतल्या की टाच पुन्हा ठणकू लागते. मधल्या सुट्टीत दहा मिनिटे बसून उठले तर पुन्हा सकाळचीच कळ.

एक्स-रेमध्ये ‘टाचेचे हाड वाढले आहे’ असे निघाले. वेदनाशामक गोळ्या झाल्या, चपलेत घालायची सिलिकॉनची टाच झाली, गरम पाण्यात पाय बुडवून बसणे तर रोजचेच. आता डॉक्टरांनी स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले आहे. ते घ्यावे की न घ्यावे, हे मला ठरवता येत नाही. ज्यांनी घेतले आहे त्यांनी कृपया आपला अनुभव लिहावा. ज्यांना न घेता आराम पडला त्यांनी नेमके काय केले आणि किती दिवस केले, तेही लिहावे. माझ्या कामात बसण्याची सोय नाही, एवढे ध्यानात घ्यावे.

---

पारिजात | २२ जून, रात्री १०:०५

ताई, तुमचे वर्णन वाचताना माझीच सकाळ डोळ्यांसमोर आली. मला १४ महिने लागले, पण मी पूर्ण बरी झाले, हे आधी सांगते, कारण त्या दिवसांत कुणीतरी हे सांगावे असे मला फार वाटत असे. दुखणे एकाच टाचेत आहे ना? रात्री झोपेतही दुखते का? घरात अनवाणी वावरता का? या तीन प्रश्नांची उत्तरे दिलीत तर पुढचे लोक नेमके सांगू शकतील.

---

येऊरवाट | २२ जून, रात्री १०:३१

‘हाड वाढले’ हे शब्द ऐकून माणूस घाबरतो, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. माझ्या दोन्ही टाचांना तसे हाड आहे आणि दुखली ती फक्त डावी. माझ्या अस्थिरोगतज्ज्ञांनी सांगितले की पुष्कळ लोकांच्या एक्स-रेत असा काटा दिसतो आणि त्यांना आयुष्यात कधी टाच दुखत नाही. उलट टाच दुखणाऱ्या कित्येकांच्या एक्स-रेत काटा नसतो. दीड वर्षापूर्वी माझे दुखणे थांबले. हाड आहे तिथेच आहे. तेव्हा हाड कापावे लागेल की काय, ही भीती मनातून काढून टाका.

---

ऐरोली_फिजिओ | २३ जून, सकाळी ७:१५

मी ऐरोलीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. पाय प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही, हे गृहीत धरूनच पुढचे वाचावे. वर्णन मात्र ज्याला प्लांटर फॅसायटिस म्हणतात त्याच्याशी जुळते.

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यात एक जाड, चिवट पट्टा असतो, त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. विहिरीच्या रहाटावर दोर गुंडाळला की पोहरा वर येतो, तसे चालताना टाच उचलून बोटे मागे वळली की हा पट्टा बोटांच्या सांध्यांभोवती ताणला जातो आणि पावलाची कमान वर उचलली जाते. पायाच्या या रचनेला १९५४ साली हिक्स यांनी रहाटाचेच नाव दिले. रात्री झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, पट्टा आखडलेल्या स्थितीत राहतो आणि सकाळच्या पहिल्या पावलाला सगळ्या अंगाचा भार त्याच्यावर एकदम येतो. तुमची पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची कळ ही अशी आहे.

या आजाराच्या नावातील ‘आयटिस’चा अर्थ सूज असा असला तरी जुनाट दुखण्यातील पट्ट्याचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता सुजेपेक्षा तंतूंची झीजच दिसून आली आहे. म्हणूनच वेदनाशामक गोळ्यांनी काही दिवस बरे वाटते आणि दुखणे पुन्हा डोके वर काढते. झिजलेल्या पट्ट्याला बळकट व्हायला बेताचा भार आणि भरपूर वेळ लागतो.

सुरुवात पलंगावरच करा. उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घ्या, हाताने सगळी बोटे धरून नडगीच्या दिशेने मागे ओढा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्याची आतली बाजू चाचपून पाहा. तिथे ताणलेली दोरी हाताला लागली म्हणजे ताण बरोबर बसला. दहा आकडे मोजेपर्यंत धरा, सोडा, आणि असे दहा वेळा करा. दिवसातून तीनदा, त्यातले पहिले सकाळी पाय जमिनीला टेकवण्याआधी. २००३ साली अमेरिकेत झालेल्या अभ्यासात जुनाट टाचदुखीच्या रुग्णांना हाच ताण आठ आठवडे दिला होता आणि नुसत्या पोटरीच्या ताणापेक्षा त्याने अधिक आराम पडला. पोटरीचा ताणही सोडू नका, कारण घोटा वरच्या दिशेने पुरेसा वळत नसेल तर त्याची भरपाई तळवा करतो.

कळ थोडी बसली की पुढचा व्यायाम लिहीन.

---

गवतीचहा | २३ जून, सकाळी ८:५०

आमच्याकडे टाच दुखली की रुईची पाने आणि वीट. वीट चुलीवर तापवायची, तिच्यावर रुईची पाने अंथरायची आणि वर टाच ठेवून शेक घ्यायचा. माझ्या आजीने आणि आईने हेच केले. आता गॅसवर वीट कोण तापवणार, तरी कोलशेतच्या बाजूला रुई अजून मिळते. मला या शेकाने रात्रीची झोप लागत असे, हे खरे.

---

नेरूळकर | २३ जून, सकाळी ९:२०

गवतीचहा, तुमच्या आजीच्या अनुभवाबद्दल मला पूर्ण आदर आहे, तरीही इथे एक गोष्ट लिहिलीच पाहिजे. माझ्या आईला २२ वर्षांपासून मधुमेह आहे. शेजारच्या काकूंनी याच विटेचा उपाय सांगितला आणि आईने तो मनापासून केला. तिच्या तळव्याची संवेदना कमी झालेली होती, हे आम्हा कुणालाच ठाऊक नव्हते. वीट किती तापली आहे हे तिला कळलेच नाही. संध्याकाळी मी घरी आलो तेव्हा टाचेवर रुपयाएवढा फोड होता आणि आई म्हणत होती, आज खूप बरे वाटले. त्या फोडाची जखम भरायला साडेचार महिने लागले. रोज ड्रेसिंगसाठी मी तिला रिक्षाने नेत असे.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी टाचेला वीट, गरम पाण्याची पिशवी, बर्फ यांपैकी काहीही थेट लावू नये. आधी पायाची संवेदना तपासून घ्यावी. डॉक्टर एक बारीक नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून ही तपासणी दोन मिनिटांत करतात.

---

गवतीचहा | २३ जून, सकाळी ९:४४

नेरूळकर, वाचून अंगावर काटा आला. मी पुढे कुणालाही हा उपाय सांगताना मधुमेहाचे आधी विचारीन. आईंना माझा नमस्कार सांगा.

---

पाचपाखाडीचे_वैद्य | २३ जून, दुपारी १:१०

आयुर्वेदात या व्याधीला वातकंटक म्हणतात. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींमध्ये तिचे वर्णन आहे आणि पाऊल विषम पडल्याने वात घोट्याच्या ठिकाणी आश्रय घेतो, असे कारण तिथे दिले आहे. कंटक म्हणजे काटा. रुग्णही आम्हाला ‘काटा टोचल्यासारखे होते’ असेच सांगतात. चिकित्सेत एरंडेल, स्नेहन-स्वेदन (तेल आणि शेक), रक्तमोक्षण (रक्त काढणे) आणि अग्निकर्म येते. तापवलेल्या शलाकेने दुखऱ्या बिंदूंवर क्षणभर चटका देणे म्हणजे अग्निकर्म. ते शिकलेल्या वैद्याकडूनच करून घ्यावे. नेरूळकरांनी मधुमेहाबद्दल लिहिले आहे ते अग्निकर्मालाही तंतोतंत लागू पडते. मी अशा रुग्णांना अग्निकर्म करत नाही.

---

खाडीकाठ | २३ जून, दुपारी २:३५

वैद्यबुवांनी मर्यादा स्पष्ट सांगितली याचे मला बरे वाटले. मी मात्र अग्निकर्माच्या चार बैठका घेतल्या होत्या आणि मला प्रत्येक वेळी जेमतेम आठवडाभर आराम मिळाला. माझा मतभेद चिकित्सेशी नाही. बैठकीनंतर मी तीच पातळ तळव्याची चप्पल घालून कचराळी तलावाभोवती रोज सहा-सात फेऱ्या मारत होतो, आणि ‘चालण्याने रक्त खेळते’ असे मला वाटत होते. पाऊल विषम पडणे हे कारण असेल तर ते कारण मी रोज सकाळी नव्याने निर्माण करत होतो. बूट बदलले, फेऱ्या निम्म्या केल्या, तेव्हा कुठे फरक पडू लागला.

---

ट्रान्सहार्बर | २३ जून, रात्री ११:५५

मी २७ वर्षांचा आहे, घणसोलीहून ठाण्याला रोज लोकलने जातो. माझा अनुभव वेगळा आहे आणि तो या धाग्यात असावा असे वाटते.

माझ्या दोन्ही टाचा दुखत होत्या. मीही वर्षभर प्लांटर फॅसायटिसचेच उपचार घेतले. सगळे म्हणत, बूट बदल, वजन कमी कर. माझी कंबर पहाटे तीन-चारला इतकी आखडायची की मी उठून खोलीत फेऱ्या मारत असे. सकाळचा ताठरपणा तासभर जात नसे आणि आराम केल्याने दुखणे वाढायचे, हालचाल केली की कमी व्हायचे. टाचेच्या डॉक्टरांना मी कंबरेबद्दल कधी बोललो नाही आणि कंबरेच्या डॉक्टरांना टाचेबद्दल. शेवटी एका संधिवाततज्ज्ञांनी दोन्ही प्रश्न एकत्र विचारले, एचएलए बी-२७ ही रक्तचाचणी आणि कंबरेचा एमआरआय करायला सांगितले, आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस या पाठीच्या कण्याच्या संधिवाताचे निदान झाले. या आजारात स्नायूबंध हाडाला जिथे चिकटतात तिथेच सूज येते, म्हणून टाचा दुखतात.

आता योग्य औषधे चालू आहेत आणि मी वाशीपर्यंत उभ्याने प्रवास करू शकतो. ज्यांचे वय कमी आहे, दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आखडलेली असते, त्यांनी कृपया दोन्ही गोष्टी एकाच डॉक्टरांना सांगाव्यात. माझे एक वर्ष त्यात गेले.

---

मानपाड्याची_शिक्षिका | २४ जून, रात्री ८:२०

सर्वांचे मनापासून आभार. पारिजात, दुखणे फक्त उजव्या टाचेत आहे, झोपेत दुखत नाही, आणि घरात मी अनवाणीच वावरते. आमच्याकडे सगळीकडे गुळगुळीत टाइल्स आहेत. मधुमेह नाही, कंबर ठीक आहे. दोन दिवस पलंगावरचा ताण केला. ताणलेली दोरी अंगठ्याला खरोखरच लागली, आणि दुखऱ्या पायाची दोरी डाव्यापेक्षा जाड वाटली. हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?

---

ऐरोली_फिजिओ | २४ जून, रात्री ८:५८

मनाचे खेळ असतीलच असे नाही. या आजारात पट्टा टाचेजवळ जाड होतो. सोनोग्राफीत त्याची जाडी चार मिलिमीटरच्या वर गेली तर निदानाला पुष्टी मिळते. बोटाने तेवढा फरक खात्रीने सांगता येत नाही, पण तुम्ही योग्य जागी हात ठेवला आहे.

---

पारिजात | २५ जून, सकाळी ६:५०

मग पहिले काम घरातले. टाइल्सवर अनवाणी चालणे थांबवा. मला ठाऊक आहे की स्वयंपाकघरात चप्पल हा विषय अवघड असतो. माझ्या सासूबाईंना ते अजिबात पटत नव्हते आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचेही वाटत नव्हते. आम्ही मार्ग असा काढला: जाड तळव्याच्या, टाचेला थोडी उंची असलेल्या सपाता नव्या आणल्या, त्या घराच्या उंबरठ्याबाहेर कधीच गेल्या नाहीत, आणि देवघरापुढे काढून ठेवायच्या असे ठरले. ओट्यासमोर जाड रबरी चटई टाकली. तीन आठवड्यांनी सासूबाईंनीच स्वतःसाठी तशाच सपाता मागवल्या, कारण त्यांच्याही टाचा दुखत होत्या आणि त्या आजवर कुणाला बोलल्या नव्हत्या.

त्यांचे ते न बोलणे मला अजून सलते. आपल्या घरांतल्या किती बायका पहाटे भिंत धरून ओट्यापर्यंत जात असतील.

---

तुर्भे_बाजार | २५ जून, दुपारी ३:३०

माझे वडील ३१ वर्षे वाशीच्या बाजार समितीत माथाडी कामगार होते. पन्नास किलोची गोणी पाठीवर आणि खाली काँक्रीट. त्यांना दोन्ही टाचांचा त्रास होता. ‘आराम करा’ असे प्रत्येक डॉक्टरांनी सांगितले आणि ते ऐकून वडील गप्प बसत, कारण आराम म्हणजे त्या दिवसाची कमाई नाही.

एका डॉक्टरांनी मात्र विचारले, काम थांबवता येत नसेल तर कामातले काय बदलता येईल? त्यातून तीन गोष्टी निघाल्या. झिजलेली रबरी चप्पल टाकून जाड तळव्याचे बूट घेतले. गोणी घेऊन ट्रकच्या फळीवरून उडी मारून उतरणे बंद केले. दुपारी जेवायला बसले की उठण्याआधी बोटे ओढून ताण द्यायचा, म्हणजे बसून उठल्यावरचे पहिले पाऊल सुसह्य होते. दुखणे पूर्ण गेले नाही, पण निवृत्तीपर्यंत त्यांनी काम केले. मॅडम, तुम्हालाही शाळेत बसता येत नसेल, तर उभे राहण्यातले काय बदलता येईल ते पाहा.

---

चाफा | २६ जून, सकाळी १०:१५

मूळ प्रश्न इंजेक्शनचा आहे, म्हणून लिहिते. मी दोन वर्षांपूर्वी घेतले. टोचताना खूप दुखले, मी डॉक्टरांच्या टेबलाची कड घट्ट धरून ठेवली होती. तिसऱ्या दिवसापासून टाच आहे की नाही हेच कळेना, इतका आराम पडला. आनंदाच्या भरात मी अंगारकीला कल्याणहून टिटवाळ्याच्या गणपतीला पायी गेले. दीड महिन्याने दुखणे पहिल्याएवढेच परत आले. इंजेक्शनने फसवले असे मी म्हणणार नाही. मिळालेला काळ मी चालण्यात घालवला.

---

मासुंदा | २६ जून, सकाळी ११:४०

माझ्या मोठ्या बहिणीने वर्षभरात तीन इंजेक्शने घेतली. तिसऱ्यानंतर काही आठवड्यांनी रेल्वेच्या पुलाचा जिना उतरताना तळव्यात काहीतरी तटकन तुटल्यासारखे झाले, पाय सुजला, तळवा निळा पडला. पट्टा फाटला होता. सहा आठवडे तिला आधाराचा बूट घालून काठीने चालावे लागले. पट्टा फाटणे आणि टाचेखालची चरबीची गादी पातळ होणे, हे दोन्ही धोके तिला आधी कुणी सांगितले नव्हते. असे क्वचित होते हे मला मान्य आहे, तरी घेणाऱ्याला ते ठाऊक असावे.

---

खाडीकाठ | २६ जून, दुपारी १२:३०

मासुंदा, बहिणीबद्दल वाईट वाटले. तरीही दुसरी बाजू मांडतो. मी अग्निकर्मानंतर शेवटी एक इंजेक्शन घेतले, तेही सोनोग्राफीत पाहून दिलेले. कळ इतकी होती की व्यायामच करता येत नव्हता. मिळालेल्या पाच-सहा आठवड्यांत मी व्यायाम सुरू केला आणि इंजेक्शनचा परिणाम ओसरला तेव्हा पोटरी व तळवा बऱ्यापैकी तयार झाले होते. म्हणजे चाफा यांनी जो काळ चालण्यात घालवला, तोच मी व्यायामात घातला. इंजेक्शन सरसकट वाईट ठरवू नये.

---

ऐरोली_फिजिओ | २६ जून, रात्री ९:३०

खाडीकाठ यांचे म्हणणे अनुभवाला धरून आहे. स्टेरॉइड इंजेक्शनचा फायदा साधारण पहिल्या महिन्यात दिसतो, पुढे तो ओसरतो, असे अभ्यासांतही आढळले आहे. निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. त्यांना एवढे जरूर विचारा की आठ-दहा आठवडे नीट व्यायाम करून पाहिला तर चालेल का. आतापर्यंत तुमचे जे उपचार झाले त्यांत व्यायाम नव्हता.

आता राहिलेला व्यायाम. जिन्याच्या पायरीवर चवडा ठेवून टाच बाहेर लोंबती ठेवायची. टॉवेलची घट्ट गुंडाळी करून बोटांखाली ठेवायची, म्हणजे बोटे मागे वळलेली राहतात आणि रहाट ताणलेला राहतो. कठड्याला हात टेकवून एका पायावर, तीन सेकंदांत वर जायचे, दोन सेकंद थांबायचे, तीन सेकंदांत खाली यायचे. एका दमात बारा वेळा जेमतेम जमेल एवढा भार हवा, अशी तीन आवर्तने, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी पाठीवरच्या पिशवीत पुस्तके घालून भार वाढवायचा आणि संख्या दहावर आणायची, पुढे आठवर. एका पायावर जमत नसेल तर आधी दोन्ही पायांवर. ही पद्धत डेन्मार्कमधील संशोधकांनी ४८ रुग्णांवर तपासली होती. तीन महिन्यांनी हा व्यायाम करणारे नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा बरेच पुढे होते. वर्षाअखेरीस दोन्ही गट जवळपास सारखे झाले. म्हणजे ताणानेही माणूस बरा होतो, भाराने लवकर होतो.

करताना थोडे दुखेल, ते चालते. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ वाढलेली असेल तर भार कमी करा.

---

वर्षा_मॅरेथॉन | २७ जून, सकाळी ६:१०

धावणाऱ्यांसाठी एक सूचना. ठाण्याच्या वर्षा मॅरेथॉनच्या सरावात मी उपवन ते येऊरचा चढ आठवड्यातून चार वेळा करू लागलो आणि टाच दुखायला लागली. मीही फॅसायटिस समजून पायरीवरचे व्यायाम केले, दुखणे वाढत गेले. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबली की असह्य कळ यायची आणि चालताना दुखणे सैल होण्याऐवजी प्रत्येक पावलागणिक वाढायचे. एमआरआयमध्ये टाचेच्या हाडाला बारीक चीर निघाली. साध्या एक्स-रेत ती दिसली नव्हती. तेव्हा व्यायाम सुरू करण्याआधी टाच बाजूंनी दाबून पाहावी आणि तिथे दुखत असेल तर थांबावे.

---

सीवूड्सची_आई | २७ जून, सकाळी ११:०५

माझा ११ वर्षांचा मुलगा फुटबॉल खेळून आला की टाचेच्या मागच्या बाजूला दुखते म्हणतो. त्यालाही हेच ताण द्यावेत का?

---

ऐरोली_फिजिओ | २७ जून, सकाळी ११:५०

मुलांमध्ये बहुधा कारण वेगळे असते. वाढीच्या वयात टाचेच्या हाडाच्या वाढत्या भागावर पोटरीचा ताण येतो, त्याला सेव्हर्स आजार म्हणतात. खेळ थोडा कमी करून आणि टाचेला आधार देऊन तो बरा होतो, हाडाची वाढ पूर्ण झाल्यावर जातोच. बालरोगतज्ज्ञांना एकदा दाखवा.

---

मानपाड्याची_शिक्षिका | २८ जून, रात्री ९:१५

डॉक्टरांशी बोलले. त्यांनी टाच दाबून पाहिली, सोनोग्राफी केली. पट्टा साडेपाच मिलिमीटर जाड निघाला. दहा आठवडे व्यायाम करून पाहायला त्यांची हरकत नाही. मुख्याध्यापिकांकडे वर्गासाठी उंच स्टूल मागितले आणि त्यांनी दुसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेतले पाठवून दिले. मी उगाच आठ महिने मागितले नाही. स्वयंपाकघरासाठी सपाताही आणल्या. मध्ये मध्ये कळवत राहीन.

---

मानपाड्याची_शिक्षिका | ३१ जुलै, रात्री १०:००

पाच आठवडे झाले. फरक आहे का, असे कुणी विचारले तर मला ठामपणे सांगता येत नाही. दुसऱ्या आठवड्यात दुखणे वाढले होते आणि मी रडकुंडीला आले होते. पावसात सोसायटीच्या आवारातल्या पेव्हर ब्लॉकवरून पाय घसरू नये म्हणून बोटे घट्ट आवळून चालत होते, त्यानेही तळवा भरून येई. मन खचते आहे.

---

पारिजात | ३१ जुलै, रात्री १०:२२

ताई, पाचव्या आठवड्यात मीही तिथेच होते. दुखते की नाही असे स्वतःला विचारू नका, उत्तर रोज बदलते. सकाळी भिंत सोडेपर्यंत किती पावले पडली ते मोजा आणि दिनदर्शिकेवर तारखेखाली लिहा. मी महालक्ष्मी दिनदर्शिकेच्या चौकोनात पेन्सिलीने आकडा लिहीत असे. महिनाअखेरीस पान पाहिले तेव्हाच मला कळले की २६ वरून मी ११ वर आले आहे.

---

तुर्भे_बाजार | १ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मॅडम, वडील विचारत होते की ठाण्याच्या शाळेतल्या बाईंचे काय झाले. त्यांना तुमचा मजकूर वाचून दाखवला. ते म्हणाले, टाच उशिरा ऐकते, पण ऐकते. एवढेच कळवायला सांगितले.

---

मानपाड्याची_शिक्षिका | ६ सप्टेंबर, रात्री ९:३०

दहा आठवडे पूर्ण झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

ऑगस्टच्या पहिल्या तारखेला चौकोनात २२ लिहिले होते. काल ६ आणि आज ४. भिंतीला हात लावायची सवय अजून आहे, पण हात आता सवयीने जातो, गरजेने जात नाही. शाळेत सलग चार तासिका होतात. फळ्यासमोर एक वीतभर उंचीचा लाकडी चौथरा आहे. मुले वही लिहीत असताना मी त्याच्या कडेवर चवडा टेकवून पोटरीला ताण देते. सातवीच्या एका मुलीने विचारले, बाई, तुम्ही रोज तिथे का उभ्या राहता? तिला सांगितले, तर दुसऱ्या दिवशी ती म्हणाली की तिची आई पोळ्या लाटण्याच्या कामाला जाते आणि तिचीही टाच दुखते. मी तिला पलंगावरचा ताण वहीत काढून दिला, दहा आकडे, दहा वेळा, आणि खाली ‘मधुमेह असल्यास आधी डॉक्टरांना दाखवणे’ असे लिहिले.

डॉक्टरांकडे काल जाऊन आले. इंजेक्शन तूर्त नको, असे त्यांनीही सांगितले. डिसेंबरपर्यंत व्यायाम चालू ठेवायचा आहे. तोवर दुखणे अडून राहिले तर शॉकवेव्हचा विचार करू, असे ते म्हणाले. मूतखडा शरीराबाहेरून फोडण्यासाठी १९८० साली जर्मनीत ज्या लहरी पहिल्यांदा वापरल्या, त्याच जातीच्या लहरी टाचेवर देतात, हे त्यांनी समजावून सांगितले.

एकच गोष्ट मनात राहिली आहे. मी दर नवरात्रात नऊ दिवस अनवाणी राहते. गेल्या वर्षीही राहिले होते, शाळेच्या रस्त्यावर, स्टेशनच्या पुलावर, सगळीकडे. दुखणे त्यानंतर काही आठवड्यांतच सुरू झाले, हे मला आज हा धागा पुन्हा वाचताना लक्षात आले. यंदा काय करावे?

---

गवतीचहा | ६ सप्टेंबर, रात्री ९:५५

ताई, मीही नऊ दिवस पाळते. देवीपुढे अनवाणी उभ्या राहा, आरतीला राहा. रस्त्यावर सपाता घाला. माझी आई म्हणायची की व्रत झेपेल तेवढेच बोलावे.

---

पाचपाखाडीचे_वैद्य | ६ सप्टेंबर, रात्री १०:१०

गवतीचहा यांच्याशी सहमत आहे. दहा आठवड्यांत बरे होत आलेल्या पट्ट्यावर नऊ दिवस डांबर आणि काँक्रीट नको.

---

येऊरवाट | ७ सप्टेंबर, सकाळी ७:०५

२२ वरून ४ वाचून फार आनंद झाला. माझी पत्नी कालपासून हा व्यायाम सुरू करते आहे. तिने विचारले आहे की पाठीवरच्या पिशवीत तुम्ही किती भार घेता.

---

मानपाड्याची_शिक्षिका | ७ सप्टेंबर, दुपारी २:२०

पहिले दोन आठवडे रिकामी पिशवी. मग इयत्ता सातवीची चार पाठ्यपुस्तके, आता नऊ पुस्तके आणि एक लिटर पाण्याची भरलेली बाटली. टॉवेल नेहमीचा जाड घेऊ नका सांगा, पायाखालून निसटतो. पातळ पंच्याची गुंडाळी करून दोन्ही टोकांना रबर लावले की ती पायरीवर जागची हलत नाही. नवरात्रासाठी सपाता काढून ठेवल्या आहेत.